कुंभोजकरांचा स्मृतिउतारा

कावळा शिवला. पिंडाचा वरचा भात त्याने खाल्ला, चोच दर्भाला पुसली आणि तो निघून गेला. त्यामुळे चिदानंद कुंभोजकरांची कोणतीही इच्छा मागे राहिलेली नाही असं मानायला हरकत नाही, आणि गोष्ट इथेच संपते.

आता हे झालंच नाही असं समजू. कारण त्या सकाळी मिरजेच्या कृष्णाघाटावर जमलेल्या कोणालाच ते माहीत नव्हतं.

दहाव्याला आलेली कुंभोजकर मंडळी केळीच्या पानावरच्या पिंडाकडे बघत उभी होती. थोड्या अंतरावर, पिंजऱ्याच्या उघड्या दारात, पालिकेचा कावळा बसला होता. गावातले कावळे गेल्या काही वर्षांत दिसेनासे झाले, तेव्हापासून पालिकेने घाटावर दोन कावळे पाळले होते. त्यांतला एक आज आजारी होता. दुसरा कामावर होता, पण कामावर असणं आणि काम करणं यांतला फरक त्याला पालिकेत राहून नीट समजला होता.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली आहे, आणि ती पुरी करायचा शब्द दिल्याशिवाय तो शिवणार नाही. कुंभोजकरांच्या थोरल्या बहिणीने, शालनआत्यांनी, पहिला शब्द दिला. तन्मयचं लग्न याच वर्षी उरकू. तन्मय म्हणजे कुंभोजकरांचा एकुलता एक मुलगा. तो ओल्या पंच्यात काकडत उभा होता. त्याने काही हालचाल केली नाही, कावळ्यानेही केली नाही. मग जुनी गाडी विकणार नाही असं सांगून झालं. उज्ज्वलाला एकटं ठेवणार नाही असंही सांगून झालं. उज्ज्वला कुंभोजकर, त्यांची पत्नी, शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांना कुठे ठेवायचं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. एका चुलतभावाने मागचं सगळं विसरायची तयारी दाखवली. मागचं नेमकं काय, ते तो बोलला नाही. कावळ्याने पंखाखाली चोच घालून खाजवलं.

गुरुजींच्या पिशवीत दर्भाचा कावळा तयारच होता. खरा येत नसेल तर दर्भाचा करून शिवून घेता येतो, शास्त्राला चालतं, आणि गुरुजींना पुढे आणखी एका ठिकाणी जायचं होतं. पण शालनआत्यांना दर्भ पटेना.

"अंदाजानं कशाला विचारत बसायचं?" त्या म्हणाल्या. "चिदूच्या कानामागचं यंत्र आहे की. त्यात सगळं उतरलेलं असतं म्हणतात. ती दवाखान्याच्या गल्लीतली पोरगी वाचून देते. बोलवा तिला."

ती पोरगी म्हणजे केतकी मगदूम. दवाखान्याच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून तिचं दुकान होतं, आणि वर पाटी होती, 'स्मृतिउतारे वाचून मिळतील'. ती आली तेव्हा रिक्षाने तिला पायऱ्यांपासून बरंच अलीकडे उतरवलं. रिक्षाला चालक नव्हता, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. तन्मयने पिशवीतून एक स्टीलची डबी काढून तिच्या हातात दिली. डबीत मेंदूजोड होती.

मेंदूजोड म्हणजे बटणाएवढी चकती. अर्धांगवायूनंतर मेंदूचा जो भाग बंद पडतो, त्याचं काम ती कानामागे बसून करते. ऐकलेलं आत पोचवते, आतला हुकूम हातापायांना पोचवते. कुंभोजकरांना ती दोन वर्षांपूर्वी बसवली होती. दहनाआधी ती काढून घेतात, कारण तिची बॅटरी चितेवर फुटते आणि लोकांचा भलताच समज होतो.

"यात मनातलं सगळं असतं ना?" शालनआत्यांनी विचारलं.

सगळं नसतं, असं केतकीने सांगितलं. हे ती रोज सांगत असे, त्यामुळे सांगताना तिचा आवाज रेल्वेच्या उद्घोषणेसारखा होत असे. कोणत्याही यंत्रात एखादी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, चालता चालता कोसळली, की त्या यंत्राची मूळ कार्यप्रणाली एक शेवटचं काम करते. कामाच्या स्मृतीत त्या क्षणाला जे जे पसरलेलं असेल, ते जसंच्या तसं उचलून ती साठवणीत टाकते. त्याला स्मृतिउतारा म्हणायचं. तो कोसळणाऱ्याला वाचवण्यासाठी नसतो. पंचनामा असतो तो. पुढे कोणीतरी येऊन बघावं, नेमकं काय चालू असताना हे झालं. मेंदूजोडीच्या दृष्टीने मेंदू ही एक आज्ञावलीच, आणि मरण म्हणजे ती कोसळणं.

"म्हणजे इच्छा नाही सापडायची?"

"त्या क्षणाला इच्छा करत असतील तर सापडेल," केतकी म्हणाली. "बहुतेक लोक त्या क्षणाला चष्मा शोधत असतात."

ती पायरीवर बसून पडदा जोडू लागली. तेवढ्यात उज्ज्वलाबाई तिच्याजवळ आल्या आणि तिला दंडाला धरून दोन पायऱ्या खाली घेऊन गेल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. दहा दिवस कोरडेच होते, आणि त्यावर नातेवाइकांत दोन मतं पडली होती.

"त्यांच्या इच्छेचं वन्सं बघतील," त्या म्हणाल्या. "मला एकच बघून दे. मी बोलत होते ते त्यांनी कुठवर ऐकलं?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. कुंभोजकरांचं 'विश्वास मोटार ड्रायव्हिंग स्कूल' होतं. निम्मी मिरज त्यांच्या हाताखाली गाडी शिकली. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तसा त्यांच्याही गाडीत होता, आणि तो इतकी वर्षं दाबल्यावर त्यांचा उजवा पाय कुठेही ब्रेक दाबू लागला. एसटीत, सोफ्यावर, लग्नाच्या पंगतीत. उज्ज्वलाबाईंना त्यांनी एकदाच शिकवायला घेतलं. फाटकातून गाडी बाहेर निघायच्या आतच त्यांनी ब्रेक दाबला. पुन्हा सुरू केली, पुन्हा दाबला. गाडी काही फाटकाबाहेर गेली नाही आणि विषय मिटला.

पुढे गाड्या आपल्या आपण चालू लागल्या. स्कूल बंद झालं. हाताने चालवायच्या गाडीला पोरं हातगाडी म्हणू लागली. मग कुंभोजकरांना झटका आला, चकती बसली, पाय चालू लागले, पण ते घराबाहेर पडेनात. चालक नसलेल्या गाडीत मी बसणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यात ओरडायचं कोणावर, हा त्यांचा मुद्दा होता. जायचं म्हणाल तर त्यांना एकाच ठिकाणी जायचं होतं. नदीपलीकडचा माळ. तिथे ते पोरांकडून गाडीने आठाचा आकडा काढून घेत. दोन वर्षं ते खिडकीत बसून त्या बाजूला बघत राहिले. माळ तिथून दिसत नाही.

"म्हणून मी शिकले," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "भजनाला जाते सांगून."

"कुठे शिकलात?" केतकीने विचारलं. हाताने गाडी शिकवणारं आता कोणी उरलं आहे हेच तिला माहीत नव्हतं.

"न्यू प्रगतीत."

न्यू प्रगती हे विश्वासचं जुनं प्रतिस्पर्धी स्कूल. हौशी लोकांसाठी ते अजून चालू होतं. त्याच्या मालकाशी कुंभोजकर तीस वर्षं बोलले नव्हते. त्याने शिकवलेली पोरं क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतात, हे त्यांच्या मते चारित्र्याचं लक्षण होतं.

त्या सकाळी उज्ज्वलाबाईंनी सांगून टाकलं. ते खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. आधी भजनाचं खोटं होतं हे सांगितलं, मग न्यू प्रगतीचं नाव घेतलं, मग सांगितलं, उद्या तुम्हाला मी माळावर नेते. मग उज्ज्वलाबाईंनी वर बघितलं. बशी खाली पडली होती. फुटली नव्हती, स्टीलची होती. पडल्याचा आवाजही झाला असेल, पण आपण ऐकला कधी हे त्यांना आठवत नव्हतं.

"माळापर्यंत पोचले असतील तर बरं," त्या म्हणाल्या. "न्यू प्रगतीपाशीच थांबले असतील, तर ते माझ्यामुळं गेले."

केतकीने डबी उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही गरम का आहे?"

तिने चकती तळहातावर उलटी करून बघितली.

"काढून दहा दिवस झाले. बंद असायला हवी. गार असायला हवी."

"बंद कशी असेल?" शालनआत्या वरच्या पायरीवरून म्हणाल्या. "मी बंद पडू दिली तर ना."

चिदानंद जिथे गेले त्या जागी, खुर्चीखाली, रीतीप्रमाणे दिवा लावला होता. दिव्याखाली तांदळाचं पीठ पसरून वर टोपली उपडी घातली होती. गेलेला जीव दहा दिवस तिथे येतो, पिठावर खूण उमटते, आणि तो दिवा विझू द्यायचा नसतो. दवाखान्यातून डबी आली तेव्हा तिच्यावरही एक हिरवा दिवा होता, मिणमिणत, विझत आलेला. शालनआत्यांनी विचार केला, घरात एक दिवा जपायचा तर दोन जपू. त्यांनी ती दिव्याशेजारी ठेवली आणि चार्जिंगला लावली. अगदी घाटावर निघेपर्यंत. रात्री उठून त्या तेल घालायच्या आणि चार्जरची पिन घट्ट बसली आहे ना तेही बघायच्या. हिरवा दिवा मधूनमधून जायचा, पुन्हा यायचा. तो आला की त्या हात जोडायच्या.

केतकी त्याच उद्घोषणेच्या आवाजात बोलू लागली, कारण तिच्याकडे दुसरा आवाज नव्हता. चकतीला वीज मिळाली की ती जागी होते. जागी झाली की मेंदू शोधते. मेंदू सापडला नाही की मेंदू कोसळला असं समजते आणि उतारा घेते. मग नव्याने सुरू होते, पुन्हा शोधते, पुन्हा उतारा घेते. पूर्ण उतारा ठेवायला तिच्यात जागा एकच. नवा आला की जुन्यावर चढतो.

"म्हणजे?" तन्मयने विचारलं.

"म्हणजे दिवा गेला आणि आला, की एकदा पुसलं गेलं."

नदीच्या पाण्यावर कोणाचा तरी दिव्याचा द्रोण अडकून गोल फिरत होता. तो सगळ्यांनी बघितला, कारण कुठेतरी बघायचं होतं.

तरीही केतकीने पूर्ण उतारा उघडला. त्यात आता मेंदूच्या जागी काहीच नव्हतं. फक्त चकतीने टिपलेला पुढच्या खोलीतला आवाज होता, आज सकाळचा, निघायच्या आधीचा. तिने तो लावला. भांडी आपटली. कोणीतरी छत्री घ्यायची का विचारलं. मग शालनआत्यांचा आवाज आला, अगदी जवळून, चकतीवर वाकून बोलल्यासारखा.

"दिवा तेवढा विझू देऊ नका गं."

आणि उतारा संपला.

शालनआत्या पायरीवर बसल्या. पदर सावरायचा राहून गेला. "मी घालवलं होय गं त्याला?" त्या म्हणाल्या. "दहा दिवस मी..."

"वन्सं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "तुम्ही दिवा जपलात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. भाजीत मीठ आहे हे सांगावं तसं त्या बोलल्या, आणि शालनआत्यांना त्याने जरा बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती. पूर्ण उतारा घेताना कार्यप्रणाली शेजारी एक लहान उताराही ठेवते. तो एवढासा असतो, त्यामुळे जुन्यावर चढत नाही, रांगेत उभा राहतो. चकतीत अशा लहान उताऱ्यांची भलीमोठी रांग होती. सगळे रिकामे, मेंदू सापडला नाही म्हणणारे. रांगेच्या अगदी मागे, सगळ्यांत जुना, एकच भरलेला होता.

"यात शब्द नसतात," केतकीने आधीच बजावलं. "त्यांनी काय ऐकलं, काय आठवलं, ते मोठ्यात होतं. यात फक्त उतरंड असते."

उतरंड म्हणजे कामांची. एक काम चालू असताना ते दुसऱ्या कामाला हाक मारतं. दुसरं पुरं होईपर्यंत पहिलं खाली वाट बघत थांबतं. दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारली की ते त्यांच्यावर चढतं. स्वयंपाकघरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखं. काम संपलं की मडकं उतरवून ठेवायचं. त्यामुळे कोसळण्याच्या क्षणी उतरंडीत जी मडकी दिसतात, त्यांतलं एकही काम संपलेलं नसतं.

पडद्यावर चार मडकी होती. सगळ्यांत खाली, बसणे. त्यावर, ऐकणे. त्यावर एक बेनाव, नुसता आकडा. आणि सगळ्यांत वर, उजवा पाय, चवडा, दाब.

तन्मय एकदम हसला. बाबांनी शेवटचं काय केलं असेल तर ब्रेक दाबला होता.

"मधलं काय आहे ते?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

ते सांगता येत नाही, असं केतकी म्हणाली. हातापायांची, कानाची कामं सगळ्यांची सारखी, म्हणून त्यांना नावं आहेत. मधली कामं प्रत्येक मेंदू स्वतःची स्वतः बांधतो. त्यांची यादी फक्त त्या मेंदूत असते. त्यांना ऐकताना काहीतरी वाटलं, आणि त्या वाटण्याने पायाला हाक मारली, एवढं नक्की. तिने उज्ज्वलाबाईंना विचारलं, ते ब्रेक कधी कधी दाबायचे?

उज्ज्वलाबाई आठवू लागल्या. टीव्हीवर एखादं पोर रस्त्यात धावलं की दाबायचे. डॉक्टर चकतीचा खर्च सांगत होते तेव्हा दाबला होता. मी पाहुण्यांसमोर काही बोलायला लागले की टेबलाखाली दाबायचे. राग आला की तर दाबायचेच. मग त्या थांबल्या.

"आणि एखादा शिकाऊ गाडी घेऊन खांबावर जायला लागला की हसू यायचं त्यांना. पोरासमोर हसायचं नाही म्हणून ते दाबायचे. तेव्हासुद्धा पायच दाबायचे."

"म्हणजे भीती, राग किंवा हसू," केतकी म्हणाली.

"हो."

"ऐकत मात्र होते."

"कुठवर?"

"ते नाही कळत, काकू. फक्त ऐकणं संपलेलं नव्हतं." केतकीने पडदा मिटता मिटता, कामाची सवय म्हणून, पुढचं वाक्य जोडलं. "नियमाने बघितलं तर ते अजून चालू आहे."

हे बोलल्यावर तिला वाटलं की आपण हे बोलायला नको होतं. पण उज्ज्वलाबाईंनी मान हलवली. कोणीतरी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी.

आता इच्छेचं काय, हा प्रश्न चुलतभावाने काढला. सगळे पुन्हा पिंडाकडे वळले. पिंडावरचा भात गेला होता. दर्भाचं टोक ओलं होतं. पिंजऱ्याच्या दारात कोणी नव्हतं.

"मघाशीच शिवला की," गुरुजी म्हणाले. त्यांनी दर्भाचा कावळा पुढच्या घरासाठी पिशवीत परत ठेवला होता. "तुम्ही सगळे त्या पडद्यात होता."

"कधी शिवला?" शालनआत्यांनी विचारलं. "कोण काय म्हणालं तेव्हा शिवला?"

गुरुजींचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. पिंजऱ्याशी बसलेल्या पालिकेच्या माणसाने सांगितलं, कावळ्याची जेवायची वेळ झाली होती.

परत जाताना उज्ज्वलाबाई घाटामागच्या झाडाखाली लावलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीकडे गेल्या. ती तिथे कशी आली, हे इतका वेळ कोणी विचारलं नव्हतं. दहाव्याच्या दिवशी माणसं गाड्यांकडे बघत नाहीत. छपरावर अजून 'विश्वास'ची पाटी होती. शालनआत्या मागे बसल्या, तन्मय मागे बसला. शिक्षकाच्या जागी कोणी बसेना, म्हणून केतकी बसली. तिच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, रबर झिजून गुळगुळीत झालेला.

उज्ज्वलाबाईंनी गाडी बरी चालवली. क्लचवर पाय ठेवून चालवली, पण बरी चालवली. वळणावर समोरून एक मोकळी, बिनमाणसाची गाडी आली, आणि केतकीचा उजवा पाय आपोआप खाली गेला. गाडी मध्येच गचकन थांबली. उज्ज्वलाबाईंनी तिच्या पायाकडे बघितलं, मग समोर बघितलं.

"तुला काय वाटलं आत्ता?" त्यांनी विचारलं. "पाय दाबताना?"

केतकीने खरंच आठवून बघितलं. तिला सांगता आलं नाही. घटना आत्ताची होती, मेंदू तिचाच होता, आणि तो चालू होता.

महिन्याभराने मेंदूजोड बनवणाऱ्या कंपनीच्या मिरज शाखेत एक अर्ज दाखल झाला. पोच म्हणून शिक्का मिळाला. अर्ज असा होता.

प्रति,
मा. विभागप्रमुख, मरणोत्तर ग्राहकसेवा.

विषय: अपूर्ण राहिलेले काम पूर्ण करून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या यंत्राने घेतलेल्या लहान उताऱ्यात माझे पती कै. चिदानंद कुंभोजकर यांचे 'ऐकणे' हे काम चालू असल्याचे दर्शविले आहे. ते बंद झाल्याची नोंद कोठेही नाही. अर्जदाराकडून सांगावयाचे एकच वाक्य शिल्लक असून ते लहान आहे, व पहिल्या वेळी ते पोचले की नाही याची खात्री आपल्या तज्ज्ञांसही देता आलेली नाही. तरी तेवढ्या वाक्यापुरती सदर यंत्रणा पूर्ववत सुरू करून मिळावी. वाक्य संपल्यावर ती बंद करण्यास अर्जदाराची हरकत नाही. उत्तराचा आग्रह नाही. मधल्या बेनाव कामाचे नाव कळल्यास कळवावे, न कळल्यास राहू द्यावे. मात्र यंत्रणा सुरू होताच संबंधितांनी उजवा पाय ब्रेकवरून उचलावा, गाडी फाटकाबाहेर काढून उभी केली आहे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
उज्ज्वला चिदानंद कुंभोजकर